दुसऱ्याच दीर्घिकेचा फोटो

१२ जुलै, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं
(गच्चीवर घुमट उलटा पसरून शिवणीला गोंद लावत होतो. गोंद वाळायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात हे पत्र.)

दादा,

मायना एवढाच. वर 'तीर्थरूप' नाही आणि खाली 'नमस्कार' नाही, दोन्ही जाणूनबुजून गाळलं आहे. विसरलो असं समजू नकोस.

फोन करत नाही, कारण फोनवर तू बोलशील आणि मी ऐकत बसेन. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही. आणि सगळं खुलासेवार लिहिणार आहे, तुला ठाऊक आहे तेही. उद्या हे कागद तिसऱ्याच कुणाच्या हाती पडले तर त्यालाही कळलं पाहिजे, कुणी कुणाच्या तोंडाला पानं पुसली.

तर, पंख्याची हवा भरून उभा राहणारा हा कापडी घुमट आपला दोघांचा होता. शाळाशाळांतून तो आपण उभा करायचो, सातवी-आठवीची पोरं रांगत आत शिरायची आणि तू अंधारात त्यांना तारे दाखवायचास. मी बाहेर. पंखा बघायचा, वायरवर कुणाचा पाय पडत नाही ना ते बघायचं, आणि पोरांचे बूट जोडीनं लावायचे. चार वर्षं एकही जोड मी चुकवला नाही.

गेल्या महिन्यात मोठ्या कंपनीनं तुला बोलावलं आणि तू गेलास. जा की. पण जाताना प्रोजेक्टर नेलास, त्याचा गोल आरसा नेलास, आणि नऊ शाळांकडून घेतलेल्या आगाऊ पैशांतला तुझा वाटा नेलास. माझ्याकडे राहिलं काय? ठिगळाचं कापड, पंखा, जुनी गाडी आणि नऊ शाळांना दिलेला शब्द. पैसे परत करायची माझी ऐपत नाही, ते खर्च झाले. म्हणजे खेळ करावाच लागणार.

पण मी चिडलोय तो प्रोजेक्टरवरून नाही.

प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला तू दाराशी माझ्याकडे बोट दाखवायचास आणि म्हणायचास, "हा माझा धाकटा. विज्ञानात दोनदा नापास, म्हणून बुटांच्या खात्यात आहे. तुम्ही नीट ऐका, नाहीतर याच्या हाताखाली नोकरी." पोरं हसायची, एका हसण्यात तुझी व्हायची. मीही हसायचो. मला वाटायचं, माणसानं हसावं अशा वेळी.

आता ऐक. डिसेंबरात इथल्या सगळ्या शाळा मिळून एका दिवशी दोन-तीन जणांचे खेळ बघणार आहेत आणि पुढच्या दोन वर्षांचं काम एकालाच देणार आहेत. तुझी कंपनी येणार, आणि कंपनीतर्फे बोलायला तूच येणार, हे मला शाळेच्या कारकुनाकडून कळलं. ते काम मी घेणार. आणि त्या दिवशी पोरांसमोर तुला गप्प झालेलं ऐकणार. मला तेवढंच पाहिजे.

आई बरी आहे.

गोंद वाळला.


४ ऑगस्ट, दुपारी, शाळा सुटल्यावर, गाडीत बसून

दादा,

पहिला खेळ झाला. वाईट झाला. तू ऐकून खूश होशील, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

प्रोजेक्टर नाही, म्हणून पत्र्याच्या गोल डब्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि आत बल्ब लावला. मोठ्या ताऱ्याला मोठं भोक, छोट्याला छोटं. नकाशावर कागद ठेवून एकेक भोक मारलं. चूक नको म्हणून तीन वेळा ताडून पाहिलं. तारे छान पडले घुमटावर. घोळ झाला तो माझ्या आवाजाचा. कागदावरून वाचत होतो, आणि अंधारात कागद दिसत नाही हे मला आत गेल्यावर कळलं. असा माणूस मी. मग आठवेल तसं बोललो. 'लंबवर्तुळाकार' म्हणताना जीभ दोनदा घसरली आणि मागून कुणीतरी माझीच नक्कल केली. सगळा घुमट हसला. कापड हलत होतं हसण्यानं.

बाहेर आल्यावर शाळेतल्या मावशी म्हणाल्या, "ते आधीचे दादा काय छान बोलायचे. तुम्ही त्यांचेच का?" मी म्हटलं, हो, त्यांचाच. आणि बूट लावले.

दीर्घिकांचं, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य थव्यांचं, मात्र जमलं. चित्र दाखवायला यंत्र नव्हतं म्हणून शाळेच्या मोठ्या खोलीत पोरांनाच उभं केलं, प्रत्येकाच्या हातात एक टॉर्च. पडदे ओढले. म्हटलं, सगळे मधे घोळका करा, अंड्यासारखा. ही लंबवर्तुळाकार. आता मधे दाट राहा आणि दोन-तीन रांगा वळवत बाहेर न्या, ही सर्पिल. आणि आता मधल्या सुट्टीत उभे असता तसे उभे राहा. ही अनियमित. शेवटची त्यांना न सांगता आली. तेव्हा पहिल्यांदा मी सांगितलेल्या गोष्टीला पोरं हसली, मला नव्हे.

मग एका मुलीनं हात वर केला. सातवीतली, चष्मा एका बाजूनं दोऱ्यानं बांधलेला. वर्ग तिला 'पणबाई' म्हणतो, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू होतं. तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं आपलं पोस्टर लावलेलं होतं, पहिल्या वर्षी आपण शाळाशाळांना विकलेलं. निळी-पांढरी सर्पिल, त्यावर पिवळा बाण, 'आपण इथे आहोत'.

"पण सर, आपण तर आत आहोत. मग हा फोटो कुणी काढला?"

मी पोस्टरच्या आड जाऊन उभा राहिलो. तुला कारण माहीत आहे, पण तिसऱ्या माणसासाठी लिहितो. आपल्या दीर्घिकेचा, म्हणजे आकाशगंगेचा, बाहेरून काढलेला फोटो जगात कुणाकडेच नाही. असूच शकत नाही, तिच्या बाहेर अजून कुणी गेलेलंच नाही. जे दिसतं ते चित्रकारांनी काढलेलं चित्र. पहिल्या वर्षी तू म्हणालास की चित्रात दम नाही, पोरांना खरा फोटो हवा. मग तू दुसऱ्याच एका दीर्घिकेचा फोटो घेतलास, जिला धड नावही नाही, नुसता नंबर आहे. ओळखू येऊ नये म्हणून आरशात बघावा तसा उलटा करायला लावलास. उलटा मी केला. बाणही मी लावला, कुठे ते तू बोटानं दाखवलंस. मी म्हटलं, दादा, हे आपलं घर नाही. तू म्हणालास, "पोरांना काय कळतंय." (आणि पोस्टरवर 'दिर्घिका' लिहिलंस. पहिला 'दी' दीर्घ आहे. तेही मीच दुरुस्त केलं.)

मी त्या मुलीला म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगतो. ती वहीत तारीख लिहून घेते की काय असं वाटलं, पण तिनं नुसतं बघितलं. ते जास्त वाईट.


२९ ऑगस्ट, सकाळी, पहिली घंटा व्हायच्या आधी

दादा,

पणबाईला खरं सांगितलं. आधी आठवडाभर टाळलं. सांगितल्यावर ती रागावेल, मोठ्या बाईंकडे जाईल, आपलं पोस्टर फाडतील, आणि मग मला काम कोण देणार, असं सगळं मनात येऊन गेलं. तिला यातलं काहीच सुचलं नाही. ती हसायला लागली, इतकी की चष्मा पडला. म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण शेजाऱ्यांच्या घरावर बाण मारतोय?"

मग अर्थातच 'पण' आलं. पण आपण कुठे आहोत हे मग कळलं कसं?

याचं उत्तर मी शोधून ठेवलं होतं. तिला खोलीत एका कडेकडे बसवली, डोळ्यांवर रुमाल. बाकी वर्गाला सर्पिलीत उभं केलं, मधे दाट, कडेला विरळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तिनं फक्त कुठून आवाज जास्त येतो ते सांगायचं. तिनं बोट केलं ते बरोबर मधल्या घोळक्याकडे. म्हटलं, झालं. माणसानंही असंच केलं. घरातच बसून, चारी दिशांना कान देऊन. एका बाजूला गर्दी जास्त निघाली, म्हणजे मध्य तिकडे, आणि आपण मधोमध नाही. अगदी काठावरही नाही. मधे कुठेतरी, एका बारक्या फाट्यावर.

रुमाल सोडून तिनं त्याची नीट घडी घातली. मग म्हणाली, "मला वाटायचं मी मधे बसलेय."

मला त्या वेळी तुझी आठवण आली नाही. हे मुद्दाम लिहितो.

दुसरी आठवण आली. आपल्या घरातल्या सगळ्या फोटोंत तू आहेस, आई आहे, मी कुठेच नाही. कॅमेरा माझ्या हातात असायचा. फोटो काढणारा फोटोत नसतो. हे मी आता प्रत्येक वर्गात सांगतो. कुठलाही फोटो बघितला की विचारायचं, काढणारा कुठे उभा होता. पोरं घरी जाऊन आईबापांना भंडावतात म्हणे.

आता मुद्द्याचं. तुझ्या कंपनीची गाडी सप्टेंबरपासून एकेका शाळेत फुकट नमुन्याचा खेळ करणार आहे, त्याचं वेळापत्रक कारकुनानं मला दिलं. तुझा खेळ तोच आहे, हेही चौकशी करून ठेवलंय. तोच फोटो, तोच बाण, आता घुमटभर मोठा. तेव्हा मी असं ठरवलंय की तू जिथे जाशील तिथे मी आठवडाभर आधी जायचं. पैसे न घेता. टॉर्चचा खेळ करायचा, फोटोचा प्रश्न शिकवायचा, आणि उत्तर सांगायचं नाही. म्हणायचं, नवीन मोठी गाडी येईल, त्यातल्या दादांना विचारा. ते फार छान सांगतात.

तू जाशील त्या गावी माझा प्रश्न तुझी वाट बघत बसलेला असेल. बूट काढून.


१७ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा

दादा,

बातम्या येतात. मी मागत नाही, त्या येतात.

पहिल्या शाळेत पोरांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, एका उडत्या तबकडीवाल्यानं काढला आणि मला निम्म्या किमतीत विकला. सगळे हसले. वा. दुसऱ्या शाळेत म्हणालास, खूप मोठ्या दुर्बिणीनं. तिसऱ्या शाळेत एकदम चार हात वर झाले आणि तू म्हणालास, आता तारे बघू. चौथ्या शाळेत तू फोटोची पाळी येताच भराभर पुढे गेलास, असं तिथल्या शिक्षकांनी सांगितलं. ते म्हणाले, तुमचे भाऊ दमलेले दिसले. मी म्हटलं, असेल, लांबचा प्रवास असतो.

तुझा चेहरा मला दिसत नाही, पण ऐकू येतो.

फोटो काढून टाकावा, चित्र लावावं, हे तुला सुचलं असणारच. मग का नाही लावलंस? मला वाटतं कंपनीला तू तो खरा म्हणूनच विकलास. आता खोटा म्हणायचं तर आधी तिथं तोंड दाखवावं लागेल. आपल्याच बाणानं तू जागेवर ठोकला गेलास. मी नाही ठोकला. (बाण मी लावला होता, ते वर लिहिलंच आहे.)

माझा आवाज आता थरथरत नाही. पहिली दोन वाक्यं थरथरतो, मग नाही. प्लग मी अजूनही तीनदा तपासतो.

आईला मी काहीच सांगितलेलं नाही. तरी काल ती कणीक मळता मळता म्हणाली, "भांडण तुमचं आहे ना? मग पोरांच्या हातात दगड देऊ नकोस." मी म्हटलं, दगड कुठला, प्रश्न आहे. ती म्हणाली, "लागला की सारखंच." मी बाहेर निघून गेलो. तिला तू कधी, काय सांगतोस ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही.

एक मात्र मी ठरवून केलं आहे, तेही लिहून ठेवतो. डिसेंबरातला निवडीचा खेळ पणबाईच्या शाळेत आहे. बघायला तिचाच वर्ग बसवणार आहेत. मी तिला म्हटलं, त्या दिवशी फोटो आला की हात वर करशील? तिला उत्तर माहीत आहे, तरीसुद्धा.

ती म्हणाली, "पण त्यांना माहीत नसलं तर?"

मी म्हटलं, तर तू सांग.

"चालेल? ते मोठे आहेत."

मी म्हटलं, त्यांना आवडेल.

ती खुशीत गेली. तिला वाटतंय ती तुला भेट द्यायला चाललीय.


९ डिसेंबर, दुपारी दोन

दादा,

तू होतास, तरी मी सांगतो. तू आत होतास, मी बाहेर होतो, आणि तुला तुझाच आवाज कसा ऐकू येतो ते कुणाला माहीत.

तुमचा घुमट काळा, चकचकीत, ठिगळ एकही नाही. तुमच्या माणसांनी तो दहा मिनिटांत उभा केला. बुटांना तुम्ही लाकडी घरं केलीत, नंबर घालून. ते चांगलं आहे. निवड करणारे तिघं आत गेले, दोन मोठ्या बाई आणि एक हिशेबनीस. तुझ्या कंपनीचे साहेबही गेले. वर्ग गेला. पणबाई जाताना माझ्याकडे बघून हसली. मी माझा डबा हातात धरून कापडाला पाठ लावून उभा राहिलो. कापडाला कान असतात हे मला चार वर्षांत कळलंय.

तू छान बोलत होतास. मला लिहायचं नव्हतं, पण छान बोलत होतास. चंद्रावरचा तुझा विनोद नवा आहे.

मग ती सर्पिल आली, पोरांनी 'आ' केलं, तू म्हणालास, ही आपली दीर्घिका, आणि आपण इथे. आणि तिचा आवाज आला.

"पण सर, हा फोटो कुणी काढला? कुठे उभं राहून?"

तू थांबलास. मी मोजणार होतो किती वेळ, पण मोजायचं राहून गेलं.

"यानानं काढला," तू म्हणालास.

"पण यान अजून तिथवर गेलेलं नाही. सगळ्यात लांब गेलेलंसुद्धा. सर, मला माहीत आहे, मी सांगू का?"

"मोठी झालीस की कळेल."

"पण मला आत्ताच—"

"खाली बस." मग, थोडं थांबून, "तुला कुणी शिकवून पाठवलंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. खाली बस म्हटलं ना."

दादा, चार वर्षांत हा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. पोरं तुझ्या अंगावर चढायची, प्रोजेक्टरवर पाणी सांडायची, एकदा एकानं आत उलटी केली, तेव्हा तू म्हणालास की ही अनियमित दीर्घिका. तू माझ्यावर विनोद केलेस, पण पोरांवर कधी आवाज चढवला नाहीस. तुझ्याजवळ एवढी एक गोष्ट खरी होती.

अंधारात कुणीतरी म्हणालं, "पणबाईचा फुगा फुटला." आणि हसू आलं. घुमटभर. तुमचं कापड जाड आहे, हललं नाही.

मला हेच पाहिजे होतं. १२ जुलैच्या पत्रात लिहिलंय, बघ. तू गप्प झालास आणि मी ऐकलं. मला बरं वाटलं. मग डब्याचा प्लग तीनदा तपासला, तो कुठे लावलेला नसताना.

पुढचं तुला साहेबांनी सांगितलं असेलच. निवड करणाऱ्यांपैकी कुणालाच तो फोटो खोटा आहे हे कळलेलं नाही. अजूनही नाही. बाहेर येताना त्यातल्या थोरल्या बाई दुसरीला एवढंच म्हणाल्या, यंत्र उत्तम आहे, पण आमच्या मुलीशी असं बोलणारा माणूस दोन वर्षं नको. मग माझा खेळ झाला. पत्र्याचा डबा, टॉर्च, टाळ्या. काम मला मिळालं.

तू गाडीत पुढच्या सीटवर बसला होतास. काच वर होती. मी गाडीजवळून दोनदा गेलो. तू बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी काय केलं असतं ते मी लिहिणार नाही.


२२ जानेवारी, सकाळी अकरा

दादा,

कंपनीनं तुला काढलं हे कळलं. जशास तसं झालं, असं लिहायला बसलो होतो. एक पानभर लिहिलंही. ते पान चांगलं झालं होतं, एकही खाडाखोड नाही. पण ते पाठवत नाही, त्याचं कारण खाली आहे.

नव्या करारातला पहिला खेळ काल पणबाईच्याच शाळेत होता. तिचा वर्ग सर्पिलीत उभा केला. सूर्याची जागा मी तिलाच देतो, त्या बारक्या फाट्यावर, तिला ती आवडते. ती जाऊन उभी राहिली, टॉर्च लावला. मी म्हटलं, काही शंका? तिच्याकडे बघूनच म्हटलं. तिनं मान हलवली, नाही. मी आठवण करून दिली, फोटोचं काय? ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना, सर. तेच बरोबर."

मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, डिसेंबरपासून ती तशीच आहे. वर्गात हात वर करत नाही. पोरांनी 'पणबाई' म्हणणंही सोडलं, म्हणायला काही उरलंच नाही. तिच्या बाईंना वाटतं मुलगी शहाणी झाली.

सुटल्यावर ती बूट घालायला थांबली. सगळे गेल्यावर विचारलं, "ते चिडणार हे तुम्हाला माहीत होतं ना?"

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, "बरं."

आधीची पणबाई असती तर पुढे 'पण' आलं असतं. मी वाट बघत होतो. लेस बांधली आणि गेली.

आता तू खोटं बोललास आणि मीही बोललो; तू पोरीवर आवाज चढवशील हे वाटलं नव्हतं, पण तुला झोंबणार हे पक्कं माहीत होतं. फिटंफाट म्हणावं, तर तिच्याशी फिटलेलं नाही. मी तिला पुन्हा सांगून बघितलं की प्रश्न बरोबर होता, चूक त्या दादांची होती. ती ऐकून घेते. माझ्या तोंडून ते खरं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते तिला कळलंय. तिला गप्प बसवलं तुझ्या आवाजानं. उठवायचं तर तोच आवाज लागेल.

म्हणून हे पत्र. ५ फेब्रुवारीला, गुरुवारी, सकाळी दहाला तिथं दुसरा खेळ आहे. तू ये. ही माफी नाही, नीट वाच. मी तुला माफ केलेलं नाही आणि बहुतेक करणार नाही. दाराशी सगळ्यांसारखे बूट काढायचे. ते मी लावणार नाही. आत रांगत जायचं, आणि साऱ्या वर्गासमोर म्हणायचं की तो फोटो आपला नव्हता, आपल्याकडे आपला फोटोच नाही, आणि ही मुलगी ते मला सांगत होती तेव्हा मी तिला खाली बसवलं. विनोद करायचा नाही. एकही. मग तिला विचारायचं की तुला काय सांगायचं होतं, आणि ती सांगेपर्यंत थांबायचं. ती लगेच सांगणार नाही. थांबायचं.

नंतर मी उठून म्हणणार आहे की तिला पाठवणारा मी होतो आणि तू चिडणार हे मला माहीत होतं. ते मी लिहून ठेवलंय, पण अंधारात कागद दिसत नाही, म्हणून पाठ करतोय. तू तेव्हा तिथं असावंस असं मला वाटतं. का, ते माहीत नाही. एकट्यानं पहिली दोन वाक्यं थरथरतात, हे एक कारण धर.

आई 'ये' म्हणाली आहे. मी तिला विचारलं नव्हतं, तिनंच माझ्या हातातलं पान बघून म्हटलं.

हिशेब खाली.

माझा खर्च:
घुमटाची ठिगळं आणि गोंद — ६४०
पत्र्याचे डबे, बल्ब, वायर — ४१५
टॉर्च बत्तीस, सेलसकट — १,९२०
तुझ्या पुढे पुढे जाऊन केलेल्या फुकट खेळांचं डिझेल — २,३५०
टपाल — ७५
एकूण — ५,४००. यातला बराचसा सुडाचा खर्च आहे. तो तुझ्याकडे मागत नाही, माझा मी सोसतो.

तुझ्याकडून येणं:
प्रोजेक्टर आणि आरसा, निम्मी किंमत — २१,०००
नऊ शाळांच्या आगाऊ पैशांतून नेलेले — १३,५००
एकूण — ३४,५००
वजा, आईला तू जुलैपासून डिसेंबरपर्यंत दरमहा पाठवलेले दोन हजार — १२,००० (मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे.)
बाकी — २२,५००

'दोनदा नापास' याचे पैसे लावलेले नाहीत.

पणबाईचं देणं — निम्मं तुझं, निम्मं माझं. याला आकडा लावता आला नाही.